काकीनं न राखलेलं बी

पार्बताकाकीनं मला फसवलं.

आज तिला जाऊन वर्ष झालं. आजच्या दिवशी तरी असं लिहू नकोस, असं घरात सगळ्यांचं म्हणणं आहे.

पण सकाळी दिलीपनं, म्हणजे तिच्या नागपूरच्या मुलानं, तिचा बाडीतला फोटो टाकला. खाली, "आईची बाग. मिस यू आई." वर मला टॅग केलं.

ती बाग आता नाही. तिथं कुणाच्या तरी गोडाऊनची भिंत आहे.

तेव्हा लिहितेच.

आमगावात आम्ही घर घेतलं तेव्हा अंगणभर फरशी होती. तुळशीपुरतीही माती नाही. शेजारी काकीचं घर आणि त्यामागं तिची बाडी. पुण्याकडच्या मैत्रिणींनो, बाडी म्हणजे घरामागची भाजीची जागा.

एके दिवशी कुंपणापलीकडून आवाज आला.

"काऊन वो रेखा, बजारातली भाजी खाऊन राहिली? ये इकडे. हात लाव, अर्धी घेऊन जा."

ना ओळख, ना पाळख, नाव तेवढं कुणाकडून ऐकलेलं. मी गेले. मग जातच राहिले, शाळेत शिकवायला जायच्या आधी सकाळी आणि शाळेनंतर चहा टाकायच्या आधी.

भाद्रपदात तर आम्हाला श्वास घ्यायला फुरसत नसे. दोडके, काकड्या, भेंडी, सगळं एकदम अंगावर यायचं. कोचईची, म्हणजे अळूची, पानं धुताना माझे हात खाजायचे आणि ती खो खो हसायची.

"चिंच लाव वो! एवढी शिकलेली बाई, कोचईनं रडून राहिली."

मग तिच्या चुलीवर वड्या उकडायच्या. दोडक्याच्या सालीची चटणी व्हायची. उरलेल्या काकड्या गल्लीत ज्याच्या त्याच्या दारात.

पण खरी शान बरबटीची. चवळीच्या लांब शेंगा हो. काकीच्या बरबटीचं टोक जांभळं. शिजली की लोण्यासारखी. ते बी तिच्या सालेकशाकडच्या माहेरचं. लग्नात आईनं पदराला बांधून दिलेलं. तशी बरबटी मी ना गोंदियाच्या बाजारात पाहिली, ना दुसऱ्या कुणाच्या बाडीत.

आणि एक कडक नियम. वेलाच्या बुडाशी आलेल्या पहिल्या शेंगा तोडायच्या नाहीत. त्यांना लाल चिंधी बांधायची. त्या वेलावरच वाळणार, मग त्यांचं बी राखेत कालवून मडक्यात.

"बियाचं हाये. हात नोको लावू."

एकदा बचत गटातल्या एका बाईनं चिंधीची शेंग तोडली. काकी तिच्याशी दिवाळीपर्यंत बोलली नाही.

मागच्या वर्षी मांडवावर एकही चिंधी नव्हती.

मी विचारलं, "काकी, यंदा बियाले नाही ठेवलं?"

"मागल्या सालचं हाये ना मडक्यात. यंदा सारी खाऊ."

मला जरा खटकलं. पण काकी आणि खोटं? ते डोक्यातसुद्धा आलं नाही. मी टोपली भरली.

गणपती गेले आणि पाठोपाठ काकी गेली. हार्ट. कुणाला पाणी विचारायलाही वेळ दिला नाही तिनं.

तेरवीची पंगत उठली तेव्हा दिलीप बाडीत दोन माणसांना हात लांब करून काहीतरी दाखवत होता. मी जवळ गेले तर तो ओशाळला.

"ताई, ही जागा उन्हाळ्यातच विकली. पावसाळा सरला की ताबा द्यायचा ठरला होता."

"काकीला माहीत होतं?"

"आईचाच अंगठा आहे. मी तिला म्हटलं होतं, रेखाताईला सांग. तर म्हणे, 'तिले सांगू नोको. ती रागावंल, बाडीत पाय ठेवणार नाई. मले एकटीनं होत नाई. एवढा हंगाम होऊ दे.'"

म्हणजे ज्येष्ठात मी मांडवाचे बांबू रोवले तेव्हा तिला माहीत होतं. चिखलात माझी चप्पल अडकली आणि दोघी हसत सुटलो, तेव्हाही माहीत होतं.

मी सुनेकडून मडकं मागवलं. आत नुसती राख. मृगात आम्ही पेरलं ते होतं नव्हतं तेवढं सगळं बी होतं, हे मला तेव्हा कळलं.

मग मी मांडवाखाली शिरले. लुगड्यातल्या पाहुण्या बाया बघत होत्या, बघू देत. एकेक पान उलटून पाहिलं. एखादी विसरलेली, जून झालेली, वाळलेली शेंग. एक.

नव्हती. तिच्या हाताखाली शिकलेली मी, एक शेंग मागं सोडत नाही. आणि वेल तर केव्हाच पिवळे पडले होते.

काकी, जागा तुझी. विकलीस, बरं केलंस. लेकाला नागपुरात घर घ्यायचं होतं, मी कोण बोलणारी?

पण बियाचं तरी सांगायचं होतंस ना ग. मी कुंड्यांत लावलं असतं. भावाच्या शेतात बांधावर लावलं असतं. पत्र्याच्या डब्यात लावलं असतं. रागावले असते, हो. चार दिवस आले नसते. पाचव्या दिवशी आले असते, हे तुला एवढ्या वर्षांत कळलं नाही?

तुझा शेवटचा हंगाम तू डोळे भरून बघितलास. माझाही तो शेवटचा होता, हे मला कुणी सांगितलंच नाही.

ती शेवटची तोडणी मला रोज आठवते. वेलावर मोजून मूठभर शेंगा उरल्या होत्या. मी थांबले होते. तुझ्याकडे बघितलं होतं.

तू टोपली पुढं केलीस आणि म्हणालीस, "तोड वो. सारी तोड."

मी तोडली. लसूण घालून भाजी केली. दुसऱ्या दिवशी शाळेत डब्यात नेली, सगळ्या बायांनी बोटं चाटली.

भावपूर्ण वगैरे मला आज जमणार नाही.

रागासकट श्रद्धांजली, काकी.