घोडनदीच्या गोळ्या

“पाळणा लांबवायच्या गोळ्या! आन् म्हनं लेकरासाठी औषध हाय!”

“आत्याबाई, देवाशपथ, मला मूल व्हायच्याच म्हनून दिल्यात!”

“मंग ती नर्स खोटी व्हय गं?”

नर्स ललिता खोटी नव्हती. सत्याहत्तरचा उन्हाळा. कासुर्डीत घरोघर जोडप्यांची यादी करत ती आली, खुंटीवरच्या पिशवीतून डोकावणारं पाकीट बघून हसत म्हणाली, “वा! आमच्या कुटुंबनियोजनाच्या गोळ्या चालू दिसतात की!” आणि गेली पुढच्या घरी. मागं चांगुणा पाकीट धरून उभी. आणि समोर सासू, अनसाबाई.

लग्नाला नऊ वर्षं झालेली. पाळी चार-चार महिने यायची नाही, हनुवटीवर राठ केस. पाणवठ्यावर बाया खुशाल म्हणायच्या, “चांगुणे, दाढी कर गं!” शेवटी नवऱ्यानं, भैरूनं, तिला घोडनदीला डॉक्टरीणबाईकडं नेलं. अंडाशयावर बारीक गाठी निघाल्या. गोळ्या सुरू झाल्या आणि पाळी महिन्याच्या महिन्याला आली. त्या आनंदात तिनं बिरोबाला नारळ फोडला होता.

“बाई म्हनल्या, तीन महिनं आतलं समदं निजवायचं, मंग दुसऱ्या गोळीनं उठवायचं,” ती चाचरली. “तुमीच सांगता न्हवं, मेंढा आदी येगळा बांधायचा, मंग सोडला की समद्या मेंढ्या येकदम गाभ धरत्यात?”

“बांधतो. खच्ची न्हाई करत!” अनसाबाई कडाडली. “गेल्या साली नसबंदीची जीप आली तवा भैरूला उसात लपवला मी. आन् हितं घरातच कुऱ्हाडीचा दांडा! चल, म्हायेरी. माज्या भनीची, बानूबाईची पोर बघून ठिवलीया मी त्याला.”

ती तरातरा आत गेली, वलणीवरची लुगडी ओढायला.

चांगुणानं उंबऱ्याशी बसलेल्या भैरूकडं बघितलं. सगळं घर हादरलं होतं. हा एकटाच दचकला नव्हता.

“तुमाला... म्हाईत हुतं?”

“हळू बोल,” तो पुटपुटला. “गोळ्या त्याच हायेत, पर पाळी बसवायला, आसं बाईंनी मला सांगितलं हुतं. तुला सांगितलं आसतं, तर घेतल्या आसत्यास?”

रोज रातच्या गोळीला पाण्याचा तांब्या त्यानंच हातात दिला होता.

अनसाबाई बोचकं घेऊन बाहेर आली. “काय कुजबुजताय रं?”

“सांगा आत्याबाईंला,” चांगुणा म्हणाली. “तुमीच आनल्या, येवढंच सांगा. तुमाला म्हाईत हुतं त्ये मी न्हाई काढायची.”

भैरूनं आईकडं बघितलं. बोचक्याकडं बघितलं. मग डोक्यावरची टोपी सारखी केली, उंबरा ओलांडला आणि भर उन्हात चालू लागला.