तायडे गुरुजींचं बाड आणि मार्थाबाईची साक्ष

"यातलं एक अक्षर बदलायचं नाही, मावशी. हे प्रभूनं माझ्याकडून लिहून घेतलं आहे."

असं म्हणून तायडे गुरुजींनी बाड माझ्या टेबलावर ठेवलं. बाड म्हणजे छापायला आणलेला हाती लिहिलेला गठ्ठा. शाळेच्या वह्यांची पानं, दोन्ही बाजूंनी गिचमीड लिहिलेली, वर-खाली पुठ्ठा आणि सुतळीची गाठ. मी गाठ सोडली, तर पानांवर नंबरच नाहीत.

"गुरुजी, प्रभूनं नंबर नाही का सांगितले?"

हसले बिचारे. माणूस चांगला. अकोल्याच्या जठारपेठेत राहणारे, शाळेतून रिटायर झालेले. आयुष्यातलं पहिलं पुस्तक घेऊन गाडीनं अमरावतीला आले होते.

अमरावतीत आपल्या ख्रिस्ती पुस्तकांचं एक लहानसं प्रकाशन होतं, तिथं मी पुष्कळ वर्षं काढली. आधी शिशाचे खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरं, जुळवायची. कॉम्प्युटर आल्यावर खिळे गेले, मग मी प्रूफं वाचायला लागले. शाळा सातवीपर्यंतच झालेली. जे काही आलं ते दुसऱ्यांच्या चुका पाहून आलं. प्रभूनं लिहून घेतलेलं बाड महिन्याला एखादं तरी यायचंच. त्यातल्या बहुतेकांत काना-मात्रेपासून सगळं माझ्यावर सोडलेलं असायचं. म्हणून सांगते, कागदाच्या एकाच बाजूनं लिहा, एक प्रत घरी ठेवा, वचनाचा अध्याय आणि ओवी पवित्र शास्त्र उघडून लिहा, आठवणीतून लिहू नका. आठवणीत सगळ्या ओव्या योहानाच्याच असतात.

गुरुजींचं पुस्तक साक्षींचं होतं. बाहेरच्या माणसासाठी सांगते, साक्ष म्हणजे घरसभेत कोणीतरी उभं राहून प्रभूनं आपल्यासाठी काय केलं ते चारचौघांत सांगतो. गुरुजी गावोगावच्या सभांना जायचे आणि ऐकलेलं रात्री वहीत उतरवून ठेवायचे. अशा सतरा साक्षी. कापसाची ती वाईट वर्षं होती. गावंच्या गावं गप्प झालेली. तेव्हा गुरुजींना वाटलं, लोकांना धीर येईल असं काहीतरी छापलं पाहिजे. वाटणं खरं होतं. डिसेंबरात अकोल्यात चर्चचं अधिवेशन होतं, तिथं पुस्तक यायला हवं होतं. तिथल्या पाळकसाहेबांनी तसं जाहीरही करून टाकलं होतं.

मी सतराही वाचल्या. भाषा शुद्ध, पण सगळ्यांचा शेवट एकच. "त्या दिवसापासून मी आनंदात आहे." सतरा माणसं आणि आनंद एकाच मापाचा! त्यातली नववी साक्ष तेवढी मनात राहिली. मार्था नावाच्या बाईची. नवरा गेला, कसा गेला ते त्या वर्षांत विचारावं लागत नसे. बाई तीन महिने कोणाशी बोलली नाही. मग एका रविवारी उपासनेत प्रभूनं तिला उठवलं. दीड पानाचं लिखाण. पण मधे काहीतरी कमी आहे असं वाटत होतं.

आमचे मॅनेजर दिवाकरसाहेब. त्यांनी चष्म्यावरून पाहून एकच विचारलं, "या लोकांच्या सह्या आहेत? जिवंत माणसाचं नाव छापायचं तर सही लागते."

गुरुजी दुखावले. "साहेब, ही मार्थाबाईच घ्या, भर सभेत बोलली. पन्नास माणसांनी ऐकलं. आता सही कसली?"

"सभेत छापखाना नव्हता, गुरुजी."

मीच म्हटलं, आधी मार्थाबाईकडे मी जाते. माझं घर बडनेऱ्याला, सकाळची पॅसेंजर दारातूनच जाते म्हणा ना. मूर्तिजापूरला उतरून पुढं ऑटोनं अर्ध्या तासावर तिचं गाव.

मार्थाबाई अंगणात बसली होती. माझ्या हातात कागद पाहिले आणि आधी तिथंच थांबवलं.

"पेपरवाली आहेस का?"

"नाही बाई. आपल्या मंडळीतली आहे. पुस्तकाचं काम करते."

"पेपरवाले आले होते. फोटो काढून गेले. मी जे बोलली ते एकाही पेपरात नव्हतं. वाच पाहू, काय लिहिलं ते."

मी वाचलं. ती ऐकत होती. संपल्यावर म्हणाली, "हे बरोबर आहे. आन हे खोटं आहे."

"म्हणजे?"

"मी बोलली तेच लिहिलं गुरुजीनं. पण शमीमबी कुठी आहे?"

मग सगळं निघालं. शेजारी पिंजाऱ्याचं घर. कापूस पिंजायचा, गाद्या-रजया भरायच्या, हा त्यांचा पिढ्यांचा धंदा. शमीमबी त्या घरची म्हातारी. मार्थाबाई बोलेनाशी झाल्यावर एके सकाळी ही आली, हात धरून आपल्या ओसरीवर नेलं, गादीच्या एका बाजूला बसवलं आणि हातात लांब सुई दिली. गादीला टाके घालायचे. एक इकडून येते, दुसरी तिकडून. बोलायचं काही कामच नाही. असे तीन महिने. रविवार आला की शमीमबीच हाकलायची: जा, तुझं चर्च आहे; उद्या लवकर ये.

"प्रार्थना मी रोजच करत होती," मार्थाबाई म्हणाली. "प्रभूनं केलं, नाही कोण म्हणते? पण उठवाले तो शमीमबीच्या दारातून आला ना."

"मग सभेत हे का नाही सांगितलं?"

माझ्याकडे तिनं असं पाहिलं, जसं काही मीच शहाणपणा करून राहिले. "सभेत कावून सांगू? सभेत सारे गावचे. शमीमबीले सारे ओळखतात, मी कुठी बसत होती ते सारे पाहत होते. हे पुस्तक तर अकोल्याले वाचतील. त्याईले काय माहीत? उद्या हे गावात आलं, शमीमबीनं कोणाकडून वाचून घेतलं, तर मी तिच्या दारात कोणतं तोंड घेऊन जाऊ? सांग."

सही दिली नाही. चहा दिला.

अमरावतीला येऊन मी हे सांगितलं तेव्हा गुरुजी योगायोगानं ऑफिसातच होते. ऐकून लाल झाले.

"मावशी, हे पुस्तक प्रभूच्या गौरवासाठी आहे. शमीमबीच्या नाही. अधिवेशनात लोक काय म्हणतील?"

"काय म्हणतील?"

"म्हणतील, तायडेनं प्रभूचं काम गादीवालीच्या नावावर लिहिलं!"

दिवाकरसाहेब म्हणाले, "मग ती साक्ष काढून टाका. सोळा छापू."

गुरुजींना तेही नको. पुस्तकात जीव त्या एकाच साक्षीत आहे हे त्यांनाही कळत होतं. सुतळी घेतली आणि बाड बांधायला लागले. मला वाटलं, गेलं हे पुस्तक. मी म्हटलं, "गुरुजी, घेऊन जा. पण जाताना मूर्तिजापूरला उतरा आणि त्या बाईच्या तोंडावर सांगा की शमीमबी नको. तिनं हो म्हटलं तर मी स्वतः प्रूफ वाचीन, एक अक्षर बदलणार नाही."

"तुम्ही चला मग संगतीनं. बाई मला दारातच उभं करेल."

गेलो दोघं. मार्थाबाई घरी नव्हती, शमीमबीच्या ओसरीवरच होती, गादीच्या एका बाजूला. गुरुजींनी घसा साफ केला आणि बाडाची गाठ सोडत बसले. शेवटी मार्थाबाईच म्हणाली, "शमीमबी, हे गुरुजी पुस्तक छापून राहिले. माझी गोष्ट आहे. त्याईले तुझं नाव टाकू का नको असं झालं."

म्हातारीनं टाका ओढून घेतला. "माझं नाव कायले पाहिजे?"

गुरुजींचा जीव भांड्यात पडला असावा. पण ती पुढं बोलतच होती.

"आन टाकाल तर बराबर टाका, मास्तर. मी काही मेहेरबानी नाही केली. लगनसराई होती, गाद्या पडल्या होत्या, सुनेचे दिवस भरत आले होते. दुसऱ्या बाजूले बसाले माणूस पाहिजे होतं. ही रिकामी बसली होती तर घेऊन आली. बस, एवढंच. उगाच मले फरिश्ता नका बनवू, मग लोक फुकट गाद्या मागतात."

मार्थाबाई हसली. मी तिला हसताना तेव्हाच पहिल्यांदा पाहिलं. गुरुजींनी खिशातून वही काढली आणि तिथंच, ओसरीच्या पायरीवर बसून लिहायला लागले. अधूनमधून विचारायचे: "सुई किती लांब?" "तुम्ही डावीकडे की उजवीकडे?" "बोलली ती पहिल्यांदा, तेव्हा काय बोलली?"

"दोरा संपला," मार्थाबाई म्हणाली. "तेच पहिलं बोलली मी. दोरा संपला, असं."

गुरुजींनी पेन थांबवलं. मग लिहिलं. "त्या दिवसापासून मी आनंदात आहे" हे वाक्य त्यांनी स्वतःच्या हातानं खोडलं. मार्थाबाईनं सही केली, शमीमबीनं अंगठा दिला.

इथं थांबलं असतं तर पुस्तक वेळेवर आलं असतं. पण गुरुजींच्या मनानं घेतलं. उरलेल्या सोळा जणांकडे एकेक करून जायचं ठरवलं, कधी एसटीनं, कधी सायकलनं. पाच जणांनी नाही म्हटलं. एका माणसानं सांगितलं, माझं दुखणं गेलंच नाही, फक्त सवय झाली. ती साक्ष गुरुजींनी तशीच छापली. अधिवेशन झालं, पुस्तक आलं नाही, पाळकसाहेब नाराज झाले. दिवाकरसाहेबांनी मला ऐकवलं की एका सहीपायी सीझन घालवला.

पुस्तक होळीच्या सुमारास निघालं. आधी सहा फर्म्यांचं होतं, चारच राहिलं. फर्मा म्हणजे एका मोठ्या कागदावर एकदम छापायची सोळा पानं. सडपातळ दिसतं म्हणून गुरुजींनी जाड कागद मागितला, तो दिला. अकोल्यात विकलं गेलं हळूहळू, काही फार नाही. पण मूर्तिजापूरकडच्या गावांत ते घरसभांमध्ये वाचून दाखवायला लागले, आणि प्रती तिकडूनच मागवल्या गेल्या.

शमीमबीनंही वाचून घेतलं. मार्थाबाईकडून निरोप आला: सारं बराबर आहे, पण रजईचा आणि गादीचा टाका वेगळा असते, ते मास्तरले समजलं नाही. दुसऱ्या आवृत्तीत दुरुस्त केलं.

आजही कोणी माझ्या घरी बाड घेऊन येतं आणि आधी विचारतं, मावशी, प्रस्तावना कोणत्या मोठ्या माणसाची घेऊ? मी म्हणते, ते मग पाहू. सभेत ऐकणाऱ्याला बाकीचं ठाऊक असतं, वाचणाऱ्याला नसतं. ज्याची गोष्ट आहे त्याच्या दारात बसून आधी वाचून दाखवा. तो म्हणेल, हे बरोबर आहे. मग थोडं थांबा. पुढं आणखी काहीतरी म्हणतो तो.