पाच चाळीसची चिप

चिमटेकाकांचं खरं नाव आता त्यांच्या बायकोलाच तेवढं आठवत असेल. लेकराच्या पायातला काटा काढावा तशी ते मदरबोर्डवरची चिप चिमट्याने अलगद उचलत, म्हणून हे नाव पडलं.

कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान काका आणि थोरले दादा, अशा दोघा भावांचं. दादा दुपारी घरी झोपून यायचे आणि म्हणायचे, "मी दारात पाऊल टाकलं की माझा कॉम्प्युटर जागा हवा." म्हणून त्यांनी तो रोज पाच चाळीसला आपोआप चालू व्हावा असं बायोसमध्ये लावून ठेवलं होतं. बायोस म्हणजे मदरबोर्डवरची आठ पायांची चिमुकली चिप. कॉम्प्युटरला जाग कशी आणायची ते हिच्यातच लिहिलेलं असतं. दादा गेले, मागोमाग त्यांच्या कॉम्प्युटरचा बोर्ड जळाला. चिप काकांनी डबीत काळ्या स्पंजवर टोचून ठेवली. बायको म्हणायची, "देवाला एकदा हात जोडता, त्या डबीला दोनदा."

एके दिवशी रक्त तपासणाऱ्या लॅबच्या ताई धावत आल्या.

"काका, मशीन बंद पडलंय. ते त्या जुन्या कॉम्प्युटरशिवाय चालत नाही. पेशंट ताटकळलेत हो!"

काकांनी पाहिलं, बायोस चिप गेली होती. नवी यायला आठ दिवस लागणार. बोर्ड मात्र हुबेहूब दादांच्या बोर्डासारखा.

धंद्याचा नियम असा, की जुन्या चिपमधलं आधी सगळं पुसायचं, मग नवं लिहायचं. पण पुसायचं बटण दाबायला काकांचं बोट धजेना. देवाचं नाव घेतलं, चिपवरचा ठिपका बोर्डावरच्या ठिपक्याशी जुळवला आणि डबीतली चिप तशीच बसवली. मशीन सुरू झालं.

दुसऱ्या दिवशी ताईंचा फोन. "काका, काल संध्याकाळी कॉम्प्युटर आपोआप लागला. कुणी हातही लावला नव्हता."

"किती वाजता?"

"पाच चाळीस."

"चूक माझीच, ताई. उद्या येतो."

काकांनी मन घट्ट केलं. लॅबमध्ये जाऊन चिप पुसली, कोरी झाली का ते तीनदा तपासलं, नव्याने लिहून बसवली. मशीन चालतंय हे पाहिलं, कॉम्प्युटर बंद केला आणि शंका नको म्हणून त्याचा प्लगही उपटून हातात धरला.

पाच चाळीस झाले. पंखा घरघरला. पडदा उजळला.

ताईंची नजर पडद्यावरून काकांच्या हातातल्या प्लगवर आली. "काका..."

 काका वाकले आणि शेजारी बसलेल्या माणसाशी बोलावं तसं हळूच म्हणाले, "दादा, इथे आजारी माणसांची कामं आहेत. त्यांची खोटी करू नकोस. चल घरी."

पंखा थांबला.

"कोण दादा?" ताईंनी कसंबसं विचारलं.

"थोरला भागीदार. घरी बोलावल्याशिवाय कामावरून उठत नाही."

त्यानंतर तो कॉम्प्युटर कधी आपोआप लागला नाही. पण त्या दिवशी परतताना चिमटेकाका फुटपाथच्या अगदी कडेने चालले, शेजारी एका माणसापुरती जागा सोडून.