जमीरची कोरी मैफल

नाव शेख जमीर शेख रहमत. वय चोपन्न. राहणार बाभुळगाव, जिल्हा यवतमाळ. व्यवसाय मोटार दुरुस्ती. सदर इसमाच्या नावे परिवहन खात्याच्या दप्तरी एक चारचाकी वाहन नोंदलेले असून त्याचे मॉडेल ‘मैफल’, रंग पांढरा, आसनक्षमता चालकासह सात, वापर खासगी व कौटुंबिक असा आहे. वाहन रस्त्यावर चालवण्यास योग्य आहे. मालक क्रमांक: प्रथम.

जमीरला दुसऱ्या गाड्या दुरुस्त करता येत नाहीत असं नाही. पण तो त्यांच्याशी व्याह्याशी वागावं तसं वागतो, आदरानं आणि अंतर राखून. मैफल मात्र घरची. ही चौकोनी, पेटीसारखी गाडी तालुक्यात तेवीस वर्षं सातऐवजी तेरा माणसं वाहत आली आहे, आणि तिचं इंजिन रस्त्याच्या पलीकडून ऐकून जमीर रोग सांगतो.

दुरुस्तीनंतर ट्रायल घ्यावी लागते, आणि रिकामी ट्रायल घेणं जमीरच्या स्वभावात नव्हतं. त्यामुळे त्याची बायको सुग्राबी अर्धा जिल्हा लोकांच्या गाड्यांतून हिंडली. ब्रेकच्या ट्रायलवर कळंबचं लग्न झालं, गिअरच्या ट्रायलवर यवतमाळचा डोळ्यांचा डॉक्टर. एकदा क्लचच्या ट्रायलवर ती बाजारातून परतत असताना गाडीचा मालकच रस्त्यात भेटला. त्यानं हात केला, गाडी थांबली, तो मागे बसला. सुग्राबी मेथीची जुडी मांडीवर धरून घरापर्यंत अवघडून बसली आणि उतरल्यावर नवऱ्याला म्हणाली, “फैजचे अब्बा, आता सोताची गाडी येईन तवाच बसन मी.”

हे सहा वर्षांपूर्वीचं. तेव्हापासून ती बसली नव्हती.

यंदा कंपनीनं मैफल बंद करत असल्याचं जाहीर केलं. जमीरनं बातमी दोनदा वाचली आणि त्याच आठवड्यात नवी मैफल घ्यायचं ठरवलं. रामराव म्हणजे त्याचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक, सोयाबीन-तुरीचे शेतकरी. त्यांना हे कळल्यावर ते मुद्दाम गॅरेजवर आले.

“जमीरभाऊ, बंद होऊन राह्यलेली गाडी कोनी इकत घेते का? उद्या पार्ट भेटन नाई.”

“पार्ट भेटन नाई म्हनूनच तर घेऊन राह्यलो. मंग कोरी गाडीच भेटन नाई.”

“हे काय गनित झालं?”

“रामरावजी, ते नवीन गाड्या कंप्युटर लावल्याबिगर बोलत नाईत. इच्यासंग मी बोलतो.”

यवतमाळच्या शोरूममध्ये एकच मैफल उरली होती, कोपऱ्यात, चाकांवर धूळ. रजत नावाच्या विक्रेत्यानं तिच्याकडे पाठ करून नव्या मॉडेलची स्क्रीन दाखवायला सुरुवात केली.

“काका, यात मागचंही दिसते.”

“मले समोरचं दिसलं म्हंजे पुरे,” जमीर म्हणाला आणि मैफलचं बोनेट उघडून कान लावून उभा राहिला. गाडी मग रीतसर फुगे बांधून, केक कापून दिली गेली. केक सुग्राबीनं कापला. पण ती गाडीत बसली नाही. आली तशी एसटीनं परत गेली. तिचं ठरलेलं होतं. पहिली सवारी ईदच्या दुसऱ्या दिवशी, बहीण गझालाकडे फुलसावंगीला. बहिणीच्या दारात आपल्या गाडीतून उतरायचं. ईदला सहा आठवडे होते. तोवर गाडी शेडमध्ये, वर चादर, सीटवरचं प्लास्टिक तसंच.

इथे जमीरची चूक झाली. मेकॅनिकच्या शेडमध्ये उभी गाडी ठेवू नये. या धंद्यात चालती गाडी मालकाची असते, आणि उभी गाडी ज्याला गरज असेल त्याची.

दुसऱ्याच आठवड्यात रामरावांच्या मैफलचा सेल्फ गेला, किल्ली फिरवली तरी गाडी सुरू होईना. दुसऱ्या दिवशी त्यांच्या दिपालीचा साखरपुडा, पाहुण्यांना आणायचं होतं. नागपूरच्या दुकानदारानं नव्या सेल्फला आठ दिवस सांगितले.

रामराव चादरीकडे पाहत होते.

“नाई,” जमीर म्हणाला.

“मी काई बोललो का?”

“तुमी पाहून राह्यले.”

“दोन दिवस फक्त, भाऊ. पोरीचं काम हाय.”

पाना फिरला तसा स्वयंपाकघरातून आवाज आला, “सेल्फ खोलून राह्यले का?” तेवीस वर्षांत सुग्राबीचाही कान तयार झाला होता.

“दोन दिवसाची गोष्ट हाय!”

साखरपुडा नीट झाला. नागपूरचा सेल्फ आलाही, पण त्याच दिवशी शाळेची मुलं नेणारी मैफल बंद पडून दारात उभी होती. तो तिला गेला. मग झरी जामणीहून डोमाजी आला, एका ट्रकच्या मागे मैफल बांधून. तो जंगलातल्या गावांतून पेशंट तालुक्याला आणतो. त्याचा रेडिएटर फुटला होता. डोमाजीनं काही मागितलं नाही. तो नुसता पायरीवर बसून राहिला. रोजा सोडल्यावर जमीरनं एक बिडी ओढली आणि स्वतःच चादर उचलली. त्यानंतर फ्युएल पंप गेला, तो कोणाला, हे जमीरलाही नीट सांगता येत नाही.

ईदच्या आदल्या दिवशी त्यानं नागपूरला फोन लावला. पंप निघाला होता. रेडिएटर निघायचा होता. दुसऱ्यांदा मागवलेल्या सेल्फचं त्यांनी नावच काढलं नाही.

ईदच्या दुसऱ्या दिवशी सुग्राबी नवा सूट घालून, शीरखुर्म्याचा डबा घेऊन शेडमध्ये आली. बोनेट उघडं होतं. आत इतकी मोकळी जागा होती की खालची फरशी दिसत होती. तिनं पुढचं दार उघडलं आणि प्लास्टिकवर बसली. थोडा वेळ समोरच्या भिंतीकडे पाहिलं.

“सीट चांगली हाय,” ती म्हणाली.

जमीर पाना पुसत राहिला.

तेवढ्यात ईद मुबारक करायला रामराव आले. उघडं बोनेट पाहून त्यांनी आपल्या गाडीची किल्ली पुढे केली. “वहिनी, माही गाडी घेऊन जा ना. सेल्फ तर तुमचाच हाय तिच्यात.”

“नाई भाऊजी,” सुग्राबी उतरत म्हणाली. “तुमच्या गाडीत लय बसली मी. ट्रायलवर.”

तिनं दार हळू लावलं, डबा उचलला. जमीर तिला स्टँडपर्यंत सोडायला गेला, पायी.

सुग्राबी फुलसावंगीला एसटीनं गेली. यवतमाळ आणि पुसद, दोन ठिकाणी गाडी बदलावी लागली.