आत्यांच्या पायांखालचा कोबा

सासूबाईंना मी आत्या म्हणते. साखरेच्या आजारामुळे त्यांच्या तळपायांना आता काही कळत नाही. एकदा पायात बाभळीचा काटा मोडला तरी त्या दिवसभर घरात फिरत होत्या, आणि फरशीवर लाल ठिपके दिसल्यावर मलाच विचारत होत्या, "कुणाला लागलंय गं?" तेव्हापासून रोज संध्याकाळी मी त्यांचे पाय मांडीवर घेऊन तळवे तपासते. त्यांना ते मुळीच आवडत नाही. "बाजारात बैलाचं खूर बघत्यात तसं बघती," म्हणतात.

सोलापुरात विजापूर रोडच्या बाजूला आम्ही घर बांधलं, तेव्हा फाटकापासून पोर्चपर्यंत नुसता मुरूम होता. पावसात गाडी रुतायची. होळी झाल्यावर ह्यांनी मनावर घेतलं. ह्यांच्या ओळखीचा ठेकेदार जवळच रस्ते करत होता. तो म्हणाला, डांबर एका दिवसात टाकून देतो, संध्याकाळी गाडी लावा. सिमेंटचा कोबा करायचा तर पुढे कितीतरी दिवस त्यावर पाणी मारत बसायचं, आणि आमच्याकडे नळाला पाणी येतं ते काही दिवसांआड. ह्यांचं डांबर ठरलं. आत्यांचं तर आधीच ठरलं होतं. गुडघ्यांमुळे त्यांना गच्चीवर चढवत नाही, त्यामुळे कुरडया-पापड्यांचं वाळवण पुढच्या अंगणातच. "शेजारणीनं डांबर केलंय की. तिच्या कुरडया दुपारपतूर कडक हुत्यात. आपल्याला बी तेच करा," त्या म्हणाल्या.

मला ते पटेना. कारण आत्या वाळवणात चप्पल घालून जात नाहीत. खाण्याच्या वस्तूंत चप्पल नको, हे त्यांच्या आईपासून चालत आलेलं. ऐन दुपारी, कुरडया उलटायला, अनवाणी. मुरुमावर निदान जरा धकत होतं. मी हे घरात बोलून दाखवलं तर हे म्हणाले, "तू ना, नसती काळजी उकरून काढतेस." मला राग आला. काळजी उकरून काढायला ती कुठे पुरलेली असावी लागते. माझी तर कायम वरच असते.

शेवटी मीच म्हटलं, चला, शेजारच्या काकूंकडे जाऊन प्रत्यक्ष बघू. दुपारी आत्या आणि मी गेलो. काकूंनी जुन्या लुगड्यावर कुरडया घातल्या होत्या, खाली काळंभोर डांबर. एका कडेला खुर्चीचे पाय त्यात रुतून खड्डे पडले होते. मी चप्पल काढून एक पाऊल टाकलं आणि "आई गं!" करत पायरीवर उडी मारली. काकू हसल्या. मग मी वळून बघितलं.

आत्या मधोमध उभ्या होत्या. अनवाणी. शांतपणे खाली वाकून एक कुरडई मोडून बघत होत्या. "बघ की, कशी कुडकुडीत झालीया," म्हणत होत्या.

मी काय ओरडले ते मला आठवत नाही. पुन्हा त्या डांबरावरून धावत गेले आणि त्यांना दंडाला धरून ओढत सावलीत आणलं. लोकांदेखत सुनेनं ओढलं म्हणून आत्या दंड सोडवून घेत घराकडे निघाल्या. संध्याकाळी पाय मांडीवर घेतले तर टाचेशी फोड. मी आरसा धरून त्यांना दाखवला. बराच वेळ त्या बघत राहिल्या, जणू पाय दुसऱ्या कुणाचा आहे. मग एवढंच म्हणाल्या, "मला कळलं कसं न्हाय गं?" त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

मग कोबाच झाला. हे टँकर सांगून आले. ओली गोणपाटं अंथरून, कपडे खळबळलेलं पाणीसुद्धा जपून वापरत आम्ही तो भिजवत ठेवला. आत्यांची टाच भरून यायला मात्र कोब्यापेक्षा जास्त दिवस लागले.

घरभर भांडून मी हा कोबा मिळवला होता, त्यामुळे तो तापता कामा नये असं माझं ठाम मत होतं. एप्रिलात तो तापला. डांबराइतका नाही, पण भरदुपारी माझा पाय टिकेना. कापडी सपाता आणल्या, फक्त वाळवणासाठी, घराबाहेर न वापरलेल्या. आत्या म्हणाल्या, "चप्पल ती चप्पल." विषय संपला. मग मी अट घातली की आधी मी उभी राहून बघणार, मी हो म्हटलं तरच त्यांनी उतरायचं. त्या कुरकुरल्या, पण पायरीवर थांबू लागल्या. मी अनवाणी कोब्यावर उभी, आणि मागून त्यांचा आवाज, "कसं हाय?" मी नाही म्हटलं की त्या बसून राहायच्या, ऊन कलेपर्यंत.

मे महिन्यात मला वैरागला माहेरी जावं लागलं, एका दिवसापुरतं. हे ऑफिसात, आत्या घरी एकट्या. बसमध्ये बसल्यापासून डोळ्यांपुढे कोबा. जेवायला बसले तरी नजर घड्याळावर. आई विचारते काय झालं, तिला काय सांगू?

जेवण अर्धवट असतानाच फोन वाजला. आत्या.

"अगं, पापड्या उलटायच्या हुत्या. हितं तापलं आसंल का गं?"

सोलापूरचा कोबा, आणि त्या मला वैरागात विचारत होत्या. हसू यायला हवं होतं. मी ताटावरून उठले, माहेरच्या अंगणात गेले, चप्पल न घालता फरशीवर उभी राहिले. पाय भाजला, फोनवरच "आई गं!" निघालं. डोळ्यांत पाणी आलं ते त्यानंच, असं मी आईला नंतर सांगितलं.

"तापलंय, आत्या. उतरू नका."

"बरं," त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "आन तू कशाला उनात हुबी? जा आत. पाय बघ आपलं."