बापूंचा ठिपका

रागात असलेल्या माणसाच्या हातात बापू पाना देत नसत. "आधी च्या प्या, मग पाना घ्या," म्हणायचे आणि पाना मांडीखाली सारायचे. देवगाव फाट्यावरच्या त्यांच्या पत्र्याच्या शेडात तो पाना माझ्या हाती फार उशिरा आला, कारण मी कायम रागातच असते. आजही आहे, आणि का ते सांगते.

इंजिनाच्या भोकात बोल्ट धरून ठेवणारे आटे गेले की नवे पाडून देणं, एवढंच बापूंचं काम. मी पहिल्यांदा गेले तेव्हा माझ्या गाडीचं ऑईल गळत होतं. ऑईलचा बोल्ट मी पान्याला पाईप लावून, पायानं दाबून आवळला होता. बापूंनी बोल्ट काढला. त्याच्यावर चांदीसारखी तार गुंडाळली होती. ती सोडवून त्यांनी माझ्या तळहातावर ठेवली.

"हे काय हाय, पोरी?"

"बोल्टाचा कचरा."

"न्हाई. तुझ्या इंजिनाचे आटे हायेत हे. बोल्ट लोखंडाचा, त्याला काय होतंय? इंजिन ॲल्युमिनियमचं, मऊ. मऊला मऊ म्हणून वागवावं लागतंय."

कीस इंजिनात पडू नये म्हणून त्यांनी ड्रिलला ग्रीस फासून भोक मोठं केलं. आटे कापायचा टॅप अर्धा फेरा पुढं, पाव फेरा मागं फिरवत नवे आटे पाडले आणि त्यांत पोलादी तारेची कॉईल बसवली. बोल्ट मला लावायला दिला, पान्याशिवाय. "आदी बोटानं. चार फेरे बोटानं गेला न्हाई, तर वाकडा चाललाय समज." शेवटी भोकाशेजारी टोकदार पंच ठोकून एक बारीक ठिपका मारला.

"हे कामून, बापू?"

"उद्या बिघडलं तर कुणाचं काम, ते कळाय नको?"

सहीला टाळाटाळ करणारे साहेब मी रोज बघते. मी स्वतः लोकांच्या तक्रारींची पत्रकं काढते, पण खाली 'समस्त नागरिक' असं छापून मोकळी होत असे. हा माणूस गाडीच्या पोटाखाली, जिथं कुणी वाकूनही बघत नाही, तिथं सही करत होता.

आता माझ्या रागाचं कारण, ते गाड्यांचं सर्व्हिस सेंटर. काचेचं दार, आत थंडगार हवा. आटे गेले की तिथं गिऱ्हाइकाला सांगायचे, "इंजिनाचं खालचं पूर्ण चेंबर बदलावं लागेल, आणि फाट्यावरच्या मिस्त्रीला हात लावू देऊ नका." मग तेच चेंबर पोत्यात घालून मागच्या दारानं बापूंकडे! बापू आटे पाडून, ठिपका मारून परत पाठवायचे, आणि सेंटर ते 'नवीन' म्हणून गाडीला बसवायचं. निर्लज्जपणाला याहून वेगळं नाव असेल तर मला कळवा.

झरीच्या अंगणवाडीच्या बाईंची गाडी अशीच 'नवीन चेंबर' बसवून आली. आठ दिवसांत बोल्ट निखळला, ऑईल मागच्या चाकावर आलं, बाई पडल्या, हात मोडला. तेव्हा मात्र सेंटरला बापूंची ओळख पटली. "फाट्यावरच्यानं हात लावलाय," म्हणून मोकळे. बाई टेम्पोत गाडी घालून थेट शेडात आल्या. मी तिथंच होते.

"बापू, तुमच्या कामानं पडले म्हणायलेत."

बापू गाडीखाली आडवे झाले. ठिपका त्यांचाच होता. बराच वेळ टॉर्च मारून पाहिलं, मग बाईंनाही दाखवलं. भोकाच्या तोंडाशी असलेले दोनच आटे ओरबाडले होते, आतले कोरे करकरीत. म्हणजे सेंटरनं मूळ बोल्टाऐवजी आखूड टाकला होता. त्यानं दोनच आटे धरले होते.

"काम माझं शाबूत हाय," बापू म्हणाले.

मी तिथंच पत्रक लिहायला बसले. बापू म्हणाले, "लिही. पण नवं म्हणून बसवायलेत, हे मला ठाऊक होतं, तेबी लिही. काम मिळायलंय म्हणून मी खामोश राहिलो."

ती ओळ मी गाळली. तिच्यानं आपली बाजू लुळी पडते, असं मला वाटलं.

बापू, मी आणि जमलेले लोक पत्रकं घेऊन सेंटरच्या दारात उभे राहिलो. मॅनेजर हसत बाहेर आला. "बापू, तुम्हाला माहीत नव्हतं का हो?"

"होतं," बापू म्हणाले.

संपलं. लोक पांगले. "दोघं मिळूनच खायलेत की," असं म्हणत पांगले. सेंटरवरचा राग बापूंच्या शेडावर निघाला. गिऱ्हाईक तुटलं. बापूंनी टॅप तेलकट फडक्यात बांधले आणि पूर्णेला लेकीकडे निघाले. बसच्या पायरीवरून मला म्हणाले, "पोरी, लिहिलंस ते सगळं खरं होतं. पण तू सुरवातीलाच पाना लावलास."

पूर्णेतच ते गेले. सेंटरची पाटी आता पहिल्यापेक्षा मोठी आहे.

म्हणून हे पुन्हा लिहिते आहे, गाळलेल्या ओळीसकट. बापूंना ठाऊक होतं, आणि ते त्यांनी चारचौघांत कबूल केलं. सेंटरलाही ठाऊक होतं, आखूड बोल्टासकट, आणि ते अजून गप्प आहे. ज्यांच्या गाडीला त्यांनी 'नवीन' चेंबर बसवलंय, त्यांनी एकदा वाकून बघा. ठिपका सापडेल.

या वेळी खाली 'समस्त नागरिक' नाही. माझी सही आहे.