तेलाचे भोक

मुलीच्या डोक्यात गाठ निघाली होती. शस्त्रक्रियेनंतर बोलणे पूर्ववत राहील, अशी हमी तिथले डॉक्टर देत नव्हते. ती इंग्लंडमध्ये, आम्ही दोघे कोल्हापुरात, शिवाजी पेठेत. दवाखान्याकडे निघण्यापूर्वी, आपल्याकडच्या दुपारी, ती संगणकाच्या पडद्यावर येणार होती. येणार होती ती आईसाठी. माझ्या पत्नीला ऐकू येत नाही. ती ओठांवरून बोलणे ओळखते. टेलिफोनचा तिला उपयोग नव्हता, आणि मोबाईलवर माणसे दिसण्याचे दिवस अजून यायचे होते.

तो दिवस खंडेनवमीचा होता. धाकट्या भावाचे लेथ मशीन आमच्या गल्लीच्या टोकाला. त्याची पूजा आटोपली की तो हळदकुंकू घेऊन आमच्याकडे येई, पत्नीचे शिलाई मशीन पुजून जेवायला बसे. त्या वर्षी त्याने खाली टेलिफोनजवळची, इंटरनेटच्या बिनतारी जोडणीची पेटीही पुसली, तिला कुंकू लावले, वर झेंडूचे फूल ठेवले. मी माडीवर संगणकासमोर होतो. पत्नी शेजारी, ठेवणीतली साडी नेसून.

अचानक पडद्याच्या कोपऱ्यातील जोडणीची खूण गेली. मी आसपासच्या जोडण्यांची यादी उघडली. मुलीने गेल्या सुट्टीत आमच्या जोडणीला दिलेले नाव तीत नव्हते. संगणक बंद करून पुन्हा सुरू केला. नाव नाहीच. तळहाताला घाम सुटून माऊस घसरू लागला. पत्नी माझ्या तोंडाकडे पाहत होती. मी तोंड वळवले. तिच्यापासून काही लपवायचे तर तेवढाच मार्ग होता.

जिन्यातून ओरडलो, "कशाला हात लावलास?"

"पुसलं नुसतं. दिवं लागल्यात की सगळं!"

"आणखी?"

"मागं तेलाचं भोक हाय, बुजल्यालं वाटलं. तार घालून दाबली. आत कायतर टक्कन वाजलं बघ."

लेथची तेलाची भोके तो दर खंडेनवमीला तारेने मोकळी करतो. मुलीने जाताना बजावलेले मला आठवले : त्या भोकात टोक खुपसले की पेटी दिलेले नाव, कुलूप सारे विसरते, कारखान्यातून आली तशी होते.

संगणक खाली नेऊन तारेने जोडण्याइतका वेळ नव्हता. यादीत दोन अनोळखी नावे होती. एकावर कुलूप, एक उघडे. उघडे ते आपलेच, की कुणा परक्याचे? परक्याच्या दारात वेळ दवडला असता, तर मुलगी निघून गेली असती.

"पेटीचा प्लग काढ!"

"पुजल्याली वस्तू आज हलवत न्हाईत, दादा!"

"काढ म्हणतो ना!"

"काढला!"

उघडे नाव यादीतून नाहीसे झाले.

"आता लाव!"

"काढ म्हणतोस, लाव म्हणतोस… लावला!"

पत्नीने खुर्चीचा हात घट्ट धरला होता. बऱ्याच वेळाने नाव परतले. मी त्यावर टिचकी मारली. जोडणी झाली. थोड्याच वेळात संगणकावर घंटी वाजू लागली. पत्नीच्या खांद्याला स्पर्श केला, पडद्याकडे बोट दाखवले आणि मी खाली उतरलो.

"वैनी बोलाय लागल्या?" भावाने विचारले.

"हो."

"मग जा की वर. मी बसतो हितं, राखत."

"तू तर बसूच नकोस."

मला वर जाववले नाही. पाठ फिरवली की दिवे विझतील, असे वाटत राहिले. मी पेटीसमोर पाट घेऊन बसलो. वरचे फूलसुद्धा उचलले नाही.

पत्नी जिना उतरून आली तेव्हा दिवे लुकलुकतच होते.

"काय म्हणाली?"

तिने माझे ओठ वाचले. "बाबा कुठं आहेत, विचारत होती."

मुलगी वाचली. बोलूही लागली; आवाज मात्र पूर्वीचा राहिला नाही. पत्नीला तो फरक ठाऊक नाही. पूर्वीचा आवाज त्या दुपारी माडीवर बोलत होता. मी खाली पेटी राखत होतो.